पाण्याखाली अंगठा वर करू नका

सकाळी ६. मालवण बंदरावर मतलई वारा अजून जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, म्हणजे सकाळचं पाणी नितळ मिळणार. सिलिंडर रात्रीच भरून ठेवलेत, तरी प्रत्येकाचा काटा पुन्हा बघायचा. घरून वाटीभर पेज पिऊन निघालोय. स्कूबाला पोट रिकामं चालत नाही आणि तुडुंब तर अजिबात चालत नाही.

साडेसात. पाहुणे आले. हंगामात एकाच बोटीत कोल्हापूर, नागपूर, सुरत, हैदराबाद असं सगळं बसतं. बोट सुटायच्या आधीच तांडेल आणि नांगरावरचा पोरगा यांचं सुरू होतं.

"मेल्या, दोरी सोड मगे! निजलंस काय?"

"सोडतंय मां, बोंबलतंस कित्याक!"

यापुढचं छापता येणार नाही. पाहुण्यांना वाटतं, आता हाणामारी होणार. १९८० साली ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून मालवणी शिवी महाराष्ट्राला हसवतेय. पण ती तिकीट काढून, खुर्चीत बसून ऐकलेली. बोटीत तीच कानाजवळून गेली की माणूस लाइफ जॅकेट घट्ट धरतो. म्हणून मी आधीच सांगून टाकतो, हे दोघे मावसभाऊ आहेत आणि हे प्रेम आहे. ज्या दिवशी एकमेकांना ‘अहो’ म्हणतील, त्या दिवशी आपण परत फिरू.

आठ. किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नांगर पडला. आता दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. ते पाण्यात नाही, बोटीवरच होतं. खाली गेल्यावर तोंडात नळी असते; मराठी, हिंदी, गुजराती, सगळं वरच राहतं. तेव्हा खुणा इथेच ठरवून घ्यायच्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे ठीक आहे. पंजा आडवा धरून हलवला तर काहीतरी बिघडलंय. मग काय बिघडलंय तिकडे बोट दाखवायचं, कानाकडे नाहीतर मास्ककडे. अंगठा खाली म्हणजे खाली जाऊ. अंगठा वर म्हणजे वर चला.

सगळा घोळ या शेवटच्या खुणेत. जन्मभर आपण अंगठा ‘झकास’ म्हणून दाखवत आलो, मोबाइलवरही तोच. समोर माशांचा थवा आला की पाहुणा हरखतो आणि अंगठा वर करतो. पाण्याखाली ‘वर’ म्हटल्यावर वाद घालायचा नसतो, असा नियम आहे. मी त्याला वर आणतो. तो नळी थुंकून ओरडतो, "अहो, मस्त आहे म्हणत होतो मी!"

दुसरा घोळ मानेचा. हो, नाही, कळलं, राहू दे, हे सगळं आपण एकाच मानेनं भागवतो. पाणी हलवत असताना त्या मानेवर कोण भरवसा ठेवणार?

आणि "समजलं का?" विचारलं की बोटभर लोक "हो" म्हणतात. कुणी घाईनं म्हणतो, कुणी चारचौघांत कमीपणा नको म्हणून, कुणी माझं हिंदी कळलं नाही हे सांगायचा संकोच वाटतो म्हणून. त्यामुळे मी हल्ली ते विचारतच नाही. "कान दुखला, काय कराल? हातानं दाखवा." निम्मे लोक अंगठा वर करतात. हशा होतो. पुन्हा. तांडेल मागून कुरकुरतो, "येळ जाता हा." जाऊ दे.

पावणेनऊ. एक काकी पाय पाण्यात सोडून बसल्यात. त्यांच्या वतीनं नवराच बोलतो, "ती नको म्हणते." खाली नेताना पाहुण्याला मागून धरावं लागतं, परका पुरुष धरणार, ही खरी अडचण, पण ती कुणी उघड बोलत नाही. मी काकींशीच बोलतो. मी सिलिंडर धरणार, गरज पडली तरच दंडाला हात लावणार, चालेल का? त्या जरा विचार करतात. "आणि मला वर यायचं झालं तर?" असं म्हणून स्वतःच अंगठा वर करून दाखवतात. पहिल्या फटक्यात बरोबर. आज सगळ्यात आधी त्यांना नेलं.

नऊ ते बारा. खाली, वर, खाली, वर. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि कानाला तो पहिल्या काही फुटांतच कळतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकलं की मोकळा होतो. प्रवाळाला हात लावायचा नाही, हेही प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. पण फोटोसाठी पोवळ्यावर हात टेकवायचा मोह काही जात नाही.

आज बोटीत पुण्याचा एक मुलगा होता, ऐकू न येणारा. बाकीच्यांचे डोळे किल्ल्याकडे, याचे माझ्या हातांवर. प्रत्येक खूण विचारायच्या आत परत करून दाखवत होता. खाली गेल्यावर आम्ही सगळे मुके झालो आणि तो बहिणीशी दोन्ही हातांनी गप्पा मारायला लागला. विषय बहुधा मी असेन. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसता हसता बहिणीच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मग तिनं पंजा हलवला, मास्ककडे बोट केलं. अगदी शिकवल्याप्रमाणे.

दुपारी १. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. खारा वारा सुटला, पाणी गढुळलं. सामान गोड्या पाण्यानं धुऊन वाळत टाकलं.

संध्याकाळी ७. तांडेलानं आकाशाकडे बघून निकाल दिलाय, "उद्या वारो सुटतलो. बोट नाय." इतक्यात बेंगळुरूहून फोन. उद्याचं काय? आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. "येवा, बघूया," म्हणतो आम्ही, आणि गावातला माणूस समजून घरी बसतो. बेंगळुरूचा माणूस त्या ‘बघूया’च्या भरवशावर रात्रभर गाडी हाणत येतो. म्हणून सरळ सांगतो, उद्या नाही. वारा आहे. परवाचं उद्या रात्री कळवीन. आणि सवयीनं पुढे विचारतो, "मी काय सांगितलं, ते एकदा सांगा बघू."

"उद्या बोट नाही," तो हिंदीत म्हणतो. मग जरा थांबून, "पण आम्ही आलोच, तर?"