हिबचा माग

१८९२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात एक जिवाणू सापडला आणि फ्लूचं मूळ हेच, असं त्यांनी जाहीर केलं. फ्लूचा खरा विषाणू १९३३मध्ये हाती लागला. त्याआधी दोन वर्षं मार्गारेट पिटमन यांनी या जिवाणूचे कवच असलेले प्रकार वेगळे केले होते. त्यातला ‘बी’ प्रकार लहान मुलांच्या पाठीतल्या पाण्यात सापडत होता. तोच हिब.

मेंदूच्या आवरणाला त्याची बाधा झाली की मूल जवळजवळ हमखास दगावायचं. १९३९च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॅटी अलेक्झांडर यांनी सशांपासून बनवलेल्या रक्तजलाने अशी मुलं वाचवायला सुरुवात केली. पुढे प्रतिजैविकं आली. तरी वाचलेल्या कित्येक मुलांना बहिरेपण राहायचं आणि १९७०च्या दशकात हिब अँपिसिलिनलाही जुमानेनासा झाला.

जिवाणूच्या कवचातल्या शर्करेची पहिली लस दीड वर्षाखालच्या बाळांत निरुपयोगी ठरली, आणि धोका सर्वाधिक त्यांनाच! शर्करेला प्रथिन जोडल्यावर मात्र बाळाचं शरीर तिला ओळखू लागलं. अमेरिकेत १९९०पासून ही जोडलस तान्ह्यांना मिळाली आणि काही वर्षांतच तिथला हिब जवळपास नाहीसा झाला.

आपल्याकडे मात्र ‘हिब इथे फारसा नाही’ असं बराच काळ म्हटलं जाई. सापडणार कसा? तो साध्या माध्यमावर वाढत नाही, त्याला तापवलेल्या रक्ताचं चॉकलेट अगार लागतं. शिवाय मूल मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत गावातल्या डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेलं असतं. न्यूमोनियात तर फुप्फुसातला नमुना मिळणंच कठीण.

म्हणून मला या साऱ्या इतिहासात गांबियातली हिबच्या जोडलशीची चाचणी सर्वांत मोलाची वाटते. तिथे १९९०च्या दशकात चाळीस हजारांहून अधिक बाळं चाचणीत घेतली गेली. लस मिळालेल्यांत एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया सुमारे २१ टक्क्यांनी घटला. प्रयोगशाळेला जे दिसत नव्हतं, ते लशीने दाखवलं. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या रुग्णालयांनी पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा हिब इथेही सापडला.

तरीही सरकारी लसीकरणात, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून, हिबची लस आली ती डिसेंबर २०११मध्ये, तीही फक्त केरळ आणि तमिळनाडूत. मधल्या काळात खाजगी दवाखान्यात पैसे मोजू शकणाऱ्यांच्याच मुलांना ती मिळत राहिली, हे मला आजही सलतं. न्यूमोनियाचाच दुसरा जिवाणू असलेल्या न्यूमोकोकसच्या लशीचंही तेच झालं. अमेरिकेत ती जोडलस २०००मध्ये आली, आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७मध्ये मोजक्या भागांत, आणि देशभर पोचायला २०२१ उजाडलं.