कॅनरीचे अध्यक्षपद : मान आणि भार
आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या कॅनरी बेटांना स्पेनने १९८२ साली स्वायत्तता दिली. बेटांचा अध्यक्ष तेथील संसद निवडते. लास पाल्मास आणि सांता क्रूझ या शहरांतील चुरस एवढी जुनी, की अध्यक्षांचे कार्यालयही दर मुदतीस शहर बदलते! मानपानाचा हा तंटा असा मिटला; जबाबदारीचा मात्र चिघळला. सागरी सीमेवर हुकमत माद्रिदची. पण होड्यांतून एकट्याने येणाऱ्या अल्पवयीन मुलांचे पालकत्व कायद्याने स्वायत्त सरकारकडे. म्हणजे निर्णय एकाचा, खर्च दुसऱ्याचा. ही मुले इतर प्रदेशांनीही सांभाळावीत, अशी मागणी अध्यक्षांनी लावून धरली. ती बंधनकारक करणारा वटहुकूम निघावयास मार्च २०२५ उजाडावा लागला. तोवर हजारो मुलांच्या निवाऱ्याची तजवीज मुख्यतः बेटांनाच करावी लागली.