बेवारस म्हणजे सरकारजमा नव्हे

उज्जैनमध्ये शिंदेशाहीपासून रुळलेली मराठी घरं आहेत. मुलं इंदूर-पुण्याला जातात. मागे वाडा, पासबुकं, विम्याचे कागद उरतात आणि त्यांच्याबद्दलचं ऐकीव ज्ञानही.

गैरसमज: दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातले पैसे बुडतात.
वस्तुस्थिती: २०१४ पासून अशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो, मागणीला मुदतही नाही. अर्ज आपल्या बँकेतच करायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर अनेक बँकांतल्या ठेवी नावावरून शोधता येतात.

गैरसमज: बायकामुलं नसली की कलेक्टर वाडा ताब्यात घेतो.
वस्तुस्थिती: हिंदू वारसा कायद्यात आते-मामेभावंडंही वारस ठरू शकतात. मृत्युपत्र नाही आणि वारसही कोणी नाही, तरच कलम २९ नुसार मालमत्ता सरकारकडे जाते, तीही तिच्यावरच्या देण्यांसकट. वारस नाहीत हे कलेक्टरने परस्पर ठरवायचं नाही, ते न्यायालयात सिद्ध व्हावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हरिद्वारच्या एका आश्रमाच्या खटल्यात स्पष्ट केलं.

गैरसमज: जोत्यात मोहरांचा हंडा सापडला, तर सगळा सरकारचा.
वस्तुस्थिती: १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला कळवणं सक्तीचं आहे. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो, शिक्षाही होते. धन बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला, तर ज्याला सापडलं त्याला तीन चतुर्थांश, उरलेलं जागामालकाला. सरकारला ते हवं असल्यास मोबदला द्यावा लागतो.

गैरसमज: पोलिसांकडे जमा झालेली बेवारस पिशवी लगेच लिलावात निघते.
वस्तुस्थिती: १८६१ च्या पोलीस कायद्यानुसार वस्तूंची यादी मॅजिस्ट्रेटकडे जाते, जाहीरनामा निघतो आणि मालकाला सहा महिने मिळतात. नाशवंत माल मात्र आधी विकता येतो.

गैरसमज: मग कुठल्याच पैशाला घाई नाही.
वस्तुस्थिती: आहे. पोस्टाच्या बचत योजना, पीपीएफ आणि विम्याची पडून राहिलेली रक्कम ठरावीक वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथून पुढे २५ वर्षांत कोणी मागितली नाही, तर ती कायमची केंद्र सरकारची होते. म्हणून जुनी ट्रंक उघडल्यावर बँकेच्या पासबुकाआधी पोस्टाचे आणि विम्याचे कागद बाजूला काढा.