ओली भिंत : घरी काय करावे, मिस्त्री कधी बोलवावा?

भीमजयंती जवळ आली की वस्तीत घरोघरी रंगाचे डबे येतात. पोपडे खरवडले, वरून पुट्टी ओढली, रंग मारला की घर छान दिसते. पण वर्षावासाच्या दिवसांत तीच भिंत पुन्हा ओल धरते, कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि लेकरू रात्रभर खोकते. पैसे जातात आणि आजार घरातच राहतो.

भगवान बुद्धांनी भिक्खूंच्या चार गरजा सांगितल्या : चीवर, भिक्षान्न, निवास आणि औषध. निवास आणि औषध एकाच यादीत आहेत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तर विहाराच्या भिंती लिंपण्या-रंगवण्याविषयीही नियम आहेत. तेव्हा भिंतीची काळजी हा क्षुल्लक विषय नाही.

बुरशीने दमा बळावतो, शिंका येतात, डोळे खाजतात. ओलीने टीबी मात्र होत नाही. तो जंतूंमुळे होतो. परंतु कोंदट खोलीत तो एकाकडून दुसऱ्याकडे लवकर पसरतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर भिंतीला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत असते.

आधी पाणी कुठून येते ते शोधा

ओल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत असेल आणि पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी पायातून चढते आहे. वरच्या बाजूला डाग असेल तर पत्रा किंवा स्लॅब गळतो. एकाच जागी बारा महिने ओल असेल तर पलीकडची मोरी किंवा नळ पाहा. तरीही कळले नाही, तर दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब कागदाच्या बाहेरच्या बाजूला असतील तर ती स्वयंपाकाची, कपड्यांची वाफ आहे. खिडकी उघडी ठेवणे, कपडे बाहेर वाळवणे हा उपाय. थेंब आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतूनच येते. ते बंद केल्याशिवाय पुट्टीवर एक रुपयाही घालू नका.

घरी करण्याजोगे

* खिळ्यांची भोके आणि केसाएवढ्या भेगा पुट्टीने भराव्यात.
* साधारण तीन फूट लांब-रुंद जागेपर्यंतची बुरशी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून भिंत पूर्ण वाळवावी. ब्लिचिंग आणि मोरीचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो.
* नाण्याने ठोकून भिंत पोकळ वाजली आणि तो भाग फूटभरच असेल, तर तेवढा गिलावा काढून नवा लावता येतो. सात दिवस पाणी मारावे लागते. सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घाला. डोळ्यात सिमेंट गेले तर पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जा.

खरवडताना भिंत आधी ओली करा, तोंडाला मास्क बांधा. मुले, गरोदर बाई आणि दम्याचे रुग्ण तेवढा वेळ शेजारी बसू द्या. घरगुती रंगातील शिशावर मर्यादा घालणारे नियम 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. जुने सिमेंटचे पत्रे कापू नका, भोके पाडू नका. त्यातील ॲसबेस्टॉसची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

इथे हात घालू नका

भेगेत दोन नाणी एकावर एक शिरतात, भेग विटांच्या पायऱ्यांप्रमाणे तिरकी जाते, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते किंवा दार अडकू लागते, तर अनुभवी मिस्त्री बोलवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा; खूण ओलांडली तर थांबू नका. भिंत फुगली असेल, स्लॅबचे तुकडे पडत असतील किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर मिस्त्रीचेही काम नाही. त्या भागाखाली झोपणे त्याच दिवशी बंद करा आणि इंजिनिअरला दाखवा. ओल्या भिंतीत वायर किंवा बोर्ड असेल, हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमन बोलवा.

मिस्त्रीशी बोलताना

पहिला प्रश्न विचारा : "पाणी कसे थांबवणार?" उत्तर फक्त रंगाचे किंवा पुट्टीचे आले तर दुसरा मिस्त्री पाहा. काम, माल आणि मजुरी कागदावर लिहून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा, खर्च वाटून घेता येतो.

भिंत फोडणारा गवंडी, बिगारी बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्यालाही मास्क द्या, पाणी मारून धूळ बसवायला सांगा. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, हेही त्याला सांगा.

दुरुस्तीला उन्हाळा उत्तम, कारण भिंत तेव्हाच पूर्ण वाळते. जयंतीपर्यंत भिंत वाळली नाही तर यंदा रंग थांबवा. निळे झेंडे आणि पताका पुरेशा आहेत.