ताटाचा हिशेब

शिधापत्रिकेवरील धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य झालें, तेव्हां अन्नाचा प्रश्न मिटला असें पुष्कळांस वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं सांगितलेल्या आहारांत दरमाणशीं रोज धान्य २५० ग्रॅम, कडधान्य अथवा त्याऐवजीं मांसमत्स्य ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम व दूध ३०० मिलिलिटर आहे. आकडेमोडीची जुनी खोड. म्हणून पांच माणसांच्या शाकाहारी घराचा महिन्याचा हिशेब आम्हीं मांडला. कडधान्य पावणेतेरा किलो, भाजी साठ किलो, दूध पंचेचाळीस लिटर. रेशनचें धान्य दरमाणशीं ५ किलो, तेंही गरजेच्या दोन-तृतीयांशच. बाकी सारें कल्याणच्या बाजारांतून रोखीनें.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांतील निम्म्याहून अधिक लोकांस आरोग्यदायी आहार परवडत नव्हता. वावर-वांगणीचें नांव तर वाचकांस आठवत असेलच. १९९२-९३ सालीं तेथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां जव्हार तालुका आपल्याच जिल्ह्यांत होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ सालीं.

महसुली दप्तरांत आमची हयात गेली. भातजमिनींत भातामागून वाल, हरभरा, आणि वरकसांत नाचणी, वरी, अशा पिकांच्या नोंदी आम्हीं आपल्या हातानें उतरल्या आहेत. आज त्या वरकसावर गवत, नाहींतर बिनशेती प्लॉटांचा फलक. नाचणींत चुना तांदळाच्या तीसपटींहून अधिक, पण ती आतां शहरांतील दुकानांत पुडीनें विकत घ्यावी लागते! पावसाळ्यांत शेवळें, टाकळा, कंटोळीं डोंबिवलीस विकणारी बाई परततांना मुलांसाठीं बिस्किटांचे पुडे नेते. तिला हंसण्याचें कारण नाहीं. दूध विकून चहापुरतें ठेवणारे आपणही त्यांतलेच.

वाल उरल्या ओलीवर येतो, पाणी मागत नाहीं. तो सुटला तो आळसानें नव्हे, दिवाळीनंतर मोकाट सुटणाऱ्या गुरांमुळें. एकट्यानें पेरला तर गांवचीं गुरें त्यावरच. म्हणून मुरबाड-शहापूरकडील गांवांनीं भातकापणीपूर्वीं एकत्र बसून चराईची हद्द ठरवावी, राखणदाराची मजुरी क्षेत्राप्रमाणें वाटून घ्यावी, बियाणें घरचें राखावें, आणि घरखर्चाचा वाल मोजून ठेवल्यावांचून व्यापाऱ्यास माप घालूं नये. पहिल्या वर्षीं पांच गुंठे पेरले तरी चालतील.