कट्टा उचलणारी पेशी

धानाचा हंगाम लागला की वडशाच्या राईस मिलांसमोर ट्रॉल्या उभ्या राहतात. दोघे हमाल कट्ट्याचे कान धरून तो वर घेतात, तिसरा पाठ वाकवून तयार असतो. एका कट्ट्यात साधारण 40 किलो धान. कट्टा पाठीवर टेकतो, तसा त्या तिसऱ्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, एक पट्टा टरारून उठतो. कागदोपत्री या कामाला ‘अकुशल’ म्हणतात. तो शब्द मला नेहमीच खटकतो, आणि त्या पट्ट्याच्या आत काय चालतं ते कळल्यापासून तर जास्तच.

झाडीपट्टीतल्या वाचकाला स्नायूची रचना समजावणं सोपं आहे. धानाचं पुंजणं डोळ्यांपुढे आणा. पुंजण्यात भारे, भाऱ्यात पेंढ्या, पेंढीत काड्या. स्नायू हे पुंजणं. त्यातली एक पेंढी म्हणजे स्नायूचा एक तंतू, आणि हा अख्खा तंतू एकच पेशी असतो. जाडी केसाएवढी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. शरीरातल्या बहुतेक पेशींना एकच केंद्रक असतं, हिला शेकड्यांनी असतात, कारण गर्भात अनेक लहान पेशी एकमेकींत विरघळून ही पेशी तयार होते.

पेंढीतली एक काडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यावर फिकट आणि गडद पट्टे दिसतात, एकाआड एक. काडीवर पेरं असावीत तसे हे भाग. असं एक पेर मिलिमीटरच्या चारशेव्या हिश्शाएवढं, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या तंतूत एकापुढे एक सुमारे 40,000 पेरं. प्रत्येक पेरात दोन प्रकारच्या दोऱ्या असतात: जाड दोरी मायोसिनची, बारीक दोरी अ‍ॅक्टिनची. स्नायू आखडतो तेव्हा या दोऱ्या स्वतः आखडत असतील, असं शास्त्रज्ञांना फार काळ वाटत होतं. मे 1954 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नव्हतं, पण निष्कर्ष एकच निघाला: दोऱ्यांची लांबी तेवढीच राहते, बारीक दोरी जाड दोरीच्या फटीत सरकते. एकेका पेरात सरकणं अर्ध्या मायक्रॉनचं, पण 40,000 पेरांचं मिळून ते 2 सेंटिमीटर होतं. तेवढ्यावर गुडघा सरळ होतो आणि कट्टा वर उठतो.

सरकवतं कोण? जाड दोरीला शेकडो इवलीशी डोकी असतात. एक डोकं शेजारची बारीक दोरी पकडतं, मान वाकवून तिला ओढतं, सोडतं आणि पुढे पुन्हा पकडतं. विहिरीवर दोर ओढताना आपण हातामागे हात टाकतो तसं. मेंदूकडून निरोप येईपर्यंत मात्र पकडायच्या जागा झाकलेल्या असतात. निरोप आला की पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिन नावाच्या कुलपाला लागतं आणि झाकण सरकतं. हे कुलूप जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात शोधलं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. ताकद ओढायलाच लागते अशी आपली समजूत. पण पकडलेलं डोकं सुटायलासुद्धा एटीपीचा, म्हणजे पेशीला ताकद पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू यावा लागतो. तो आला नाही तर पकड सुटत नाही. माणूस गेल्यावर घरातली जाणती मंडळी हातपाय लगेच सरळ करून घेतात, ते यासाठीच. काही तासांत एटीपी संपतं आणि डोकी जिथे होती तिथे अडकतात. सैल पडणं हे जिवंतपणाचं काम आहे.

पेशीत साठलेलं एटीपी जोराच्या कामात दोनचार सेकंदच पुरतं. त्यानंतर लगेच क्रिएटिन फॉस्फेट धावून येतं आणि आणखी काही सेकंद निभावतं. कट्टा उचलून थप्पीपर्यंत नेण्याचा पहिला झटका बराचसा यावरच चालतो. हा पदार्थ 1927 साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ओळखला. आपल्या शाळांत हे नाव क्वचितच कानावर येतं, याचं वाईट वाटतं.

रोवणीची गोष्ट वेगळी. बांधीत गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, मागे मागे सरकत बाया पऱ्हे लावतात. इथे झटका नाही, दिवसभर तग धरणं आहे. ते काम प्राणवायूवर चालणारे, सावकाश थकणारे तंतू करतात. माणूस कमरेतून पुरता वाकला, तर पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार कण्याच्या अस्थिबंधांवर जातो. म्हणून रोवणीची कंबरदुखी नुसत्या थकव्याची नसते. मधे मधे उभं राहून कंबर सरळ करणाऱ्या बाईला कुणी कामचुकार म्हणू नये. ती आपला कणा वाचवत असते.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याला लॅक्टिक आम्ल कारण, असं अजून सांगतात. ते चूक आहे. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जातं. ठणका येतो तो ताणल्या जात असताना भार धरून ठेवणाऱ्या तंतूंमधल्या बारीक मोडतोडीने. कट्टा उचलण्यापेक्षा तो हळूच खाली ठेवणं यात जास्त नडतं. मुरलेला हमाल कट्टा हातांवर तोलत उतरवत नाही. तो खांदा तिरपा करून थप्पीवर घसरू देतो. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, पण पेशीच्या हिशेबाने ते अगदी बरोबर आहे. मला तरी हे कौशल्यच वाटतं.

तेव्हा हंगामाच्या पहिल्याच दिवशी नव्या माणसाकडून पूर्ण कामाची अपेक्षा धरू नका. आधी थोडं काम द्या, दोनचार दिवस जाऊ द्या. एकदा ठणकून सावरलेला स्नायू तेच काम पुन्हा आलं की पुष्कळ कमी दुखतो, आणि ही तयारी त्याच्यात कित्येक आठवडे टिकते.