खिशातली नक्कल

गिरगाव-दादरच्या घरांतून मैफलींच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचं काम निगुतीनं होतं. फाइल फ्लॅकमध्ये ठेवायची, हेही जाणकारांत ठरून गेलंय. माती होते ती पुढच्या पायरीवर. प्लेअरमध्ये मावावं, गाडीच्या स्टिरिओवर वाजावं म्हणून एमपीथ्री केली जाते आणि ती बरी वाजतेय असं दिसलं की मूळ फोल्डर उडवला जातो. रूपांतर बेलाशक करावं, मूळ उडवू नये. आणि याचं कारण कानाचं नाही, हिशेबाचं आहे. सीडीचा सेकंदाला १,४११ किलोबिटचा पसारा फ्लॅक साधारण पन्नास-साठ टक्के जागेत बसवतो, तोही काही न टाकता. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा ओळखायचा आणि अंदाज जितका चुकला तेवढाच लिहून ठेवायचा, अशी त्याची रीत. (म्हणूनच ७८ आरपीएमच्या तबकडीची खरखर जास्त जागा खाते; खरखरीचा अंदाज बांधता येत नाही.) मूळ आवाजाचा एमडी५ ठसाही बहुधा फाइलच्या माथ्यावर असतो. वीस वर्षांनीही तो ताडून बघता येतो.

एमपीथ्रीचा कारभार वेगळा. कानाला कळणार नाही असं तिला जे वाटतं, ते ती टाकून देते. शिवाय ती १,१५२ नमुन्यांच्या, म्हणजे सीडीच्या मापात सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत काम करते आणि दोन्ही टोकांना थोडी शांतता भरते. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक तोडला असेल, तर नेमकी समेवर खाच पडते. किती शांतता भरली याची नोंद लेमसारखा एन्कोडर ठेवतो. पण ती वाचण्याची तसदी सगळे प्लेअर घेत नाहीत.

परळहून सुटलेल्या गर्दीच्या लोकलमध्ये ३२० किलोबिटची एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक कुणाला कळणार, असं कुणी म्हणेल. नाहीच कळणार. पण यातून नक्कल पुरेशी आहे एवढंच सिद्ध होतं. मूळ नको, असं नाही. उद्या नव्या प्लेअरसाठी त्याच एमपीथ्रीची एएसी केली, तर उरलेल्यातून पुन्हा गळती होणार. फ्लॅक हाताशी असेल तर मात्र दर वेळी ताजी नक्कल निघते. जुना आयपॉड फ्लॅक वाजवत नसला, तरी अ‍ॅपलचं एएलएसी वाजवतो, आणि ते फ्लॅकमधून काहीही न गमावता करता येतं. राहिला जागेचा प्रश्न. तासाभराची मैफल फ्लॅकमध्ये साडेतीनशे-चारशे एमबी, ३२०च्या एमपीथ्रीत १४४. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या हार्ड डिस्कवर अशा शेकडो मैफली राहतात. बाजारातली सीडी हरवली तर दुसरी शोधता तरी येते, जरी काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ साली बंद झालं असलं तरी. लक्ष्मीबागेतल्या एखाद्या रात्रीचं खासगी ध्वनिमुद्रण मुळात दुकानात आलेलंच नव्हतं. प्लेअर भरला की त्यातली एमपीथ्री खुशाल पुसावी.